आत्याने पाठ केलेलं रसायनशास्त्र

सहामाहीत मी रसायनशास्त्रात गडगडले आणि पूर्वपरीक्षेतही गडगडले. बाकीचे विषय बरे होते, गणित तर चांगलंच होतं, पण रसायन म्हटलं की माझ्या डोक्यात पालथ्या घड्यावर पाणी. शाळेने मॅट्रिकचा फॉर्म अडवून धरला होता. बाबांनी जाऊन मुख्याध्यापकांची मनधरणी केली, तेव्हा कुठे तो पुढे गेला. घरी आल्यावर बाबा चप्पल काढतानाच म्हणाले, "हे एकदाच. मार्चात सुटलीस तर पुढे बघू. नाही सुटलीस तर शाळा बंद, परत बसायचं नाही." बाबा चिडून बोलले असते तर मी मनावर घेतलं नसतं. ते अगदी शांतपणे बोलले.

खरं तर घरच्यांना हा विषय मला घेऊच द्यायचा नव्हता. आमच्या शाळेत मुलींना त्याऐवजी गृहशास्त्र घेता यायचं आणि वर्गातल्या बहुतेकींनी तेच घेतलं होतं. बाबांचंही तेच म्हणणं होतं. मध्ये पडली ती आत्या. बाबांची ही थोरली बहीण लहान वयात विधवा होऊन मालवणाकडून आमच्याकडे मुलुंडला आली ती कायमचीच. तिला अक्षरओळख नव्हती, पण घरात तिचा शब्द खाली पडत नसे. ती तांदूळ निवडता निवडता बाबांना म्हणाली, "रांधूक मी शिकवतंय तिका. माका येणा नाय तां शाळेत शिकांदे." विषय तिथेच संपला. मी नापास झाल्यावर मात्र मनातल्या मनात तिच्यावरच जळफळत होते, कारण स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोपं होतं.

जानेवारीत आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल किंवा येणारही नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली खाट टाकून तिला तिथे निजवलं. तिचा उजवा डोळा मिटेनासा झाला होता. झोपली तरी तो अर्धा उघडाच असायचा आणि कौलांमधून येणारा कवडसा फिरत फिरत तिथे आला की बुबुळ चमकायचं. आई त्या डोळ्यावर ओला कपडा ठेवायची, तो थोड्या वेळाने घसरायचा.

आमच्या दोन खोल्या. सकाळची शाळा करून मी घरी यायची तेव्हा बाबा आणि दादा कामावर गेलेले असत आणि आई स्वयंपाकघरात जरा आडवी झालेली असे. मला मोठ्याने घोकल्याशिवाय काही पाठ होत नाही. मनात वाचलेलं माझ्या डोक्यात कधी टिकलंच नाही. ओट्यावर बसून घोकलं की शेजारच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या, म्हणून मी आत्याच्या खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसायला लागले. दादा मला चिडवायचा, "गाढवापुढे वाचली गीता." आईने त्याला त्याबद्दल एकदा चांगलाच धपाटा घातला होता.

पंधरा-वीस दिवस असेच गेले. दुपारी आमच्या आळीत चिटपाखरू नसायचं. डोंगराकडून येणारा वारा तेवढा शेजारच्या पत्र्यावर वाजायचा. त्या दिवशी अमोनिया चालू होता. मी म्हणत होते, "नवसागर व विरलेला चुना यांचे मिश्रण कठीण काचेच्या नळीत घ्यावे. नळीचे तोंड..." आणि अडकले. पुस्तक मांडीवर पालथं होतं, ते मी उचलणार एवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"नळीचे तोंड किंचित खाली झुकते ठेवावे."

मी वर पाहिलं. आत्या छताकडे बघत होती. तोंड एका बाजूने हलत होतं. "मिश्रणास मंद उष्णता द्यावी," ती म्हणाली. शब्द थोडे ओलसर आणि जड येत होते, पण स्पष्ट होते. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. महिनाभर मुकी झालेली बाई बोलली याची भीती नव्हती, त्याचा तर आनंदच व्हायला हवा होता. पण ही आत्याची बोली नव्हती. तिने जन्मात कधी 'ठेवावे' आणि 'द्यावी' म्हटलं नव्हतं. ते बोलणं पुस्तकाचं होतं आणि चाल माझी होती.

मी आईला ओढतच आणलं. आई आनंदाने रडायलाच लागली. खाटेवर वाकून म्हणाली, "वन्सं, ओळखलंत का? पाणी हवं का?" आत्याने तिच्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्यात ओळख होती, पाणीही होतं. तिचे ओठ हलले, घशात काहीतरी घुसमटलं, पण शब्द आला नाही. मग पुन्हा तोच सपाट आवाज आला, "हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने उपड्या बरणीत गोळा करतात." आईचा हात तिच्या कपाळावर होता, तो तिने काढून घेतला. ते मला आजही डोळ्यांपुढे दिसतं.

डॉक्टरांना त्यात फारसं नवल वाटलं नाही. ते म्हणाले, असं होतं. माणसाला साधं पाणी मागता येत नाही, पण आरती अख्खी म्हणता येते. कानावर घासून घासून बसलेलं जिभेवर आपसूक येतं, त्याचा अर्थाशी संबंध नसतो. शेजारच्या काकूंचं मत वेगळं होतं. त्या दारातूनच म्हणाल्या, "तोंड त्यांचं आहे हो वहिनी, पण बोलतंय कोण ते बघा." आईने नारळ ओवाळून नाक्यावर टाकला. बाबांनी गावी पत्र लिहून देवळात गाऱ्हाणं घालायला सांगितलं आणि मला बजावलं की त्या खोलीत मोठ्याने वाचायचं नाही.

मी ऐकलं नाही. परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. ज्या दिवशी आत्या पुढचं वाक्य सांगायची, त्या दिवशीचा धडा मला पाठ व्हायचा. मी अर्धं वाक्य म्हणून थांबायची, उरलेलं खाटेवरून यायचं. मी मुद्दाम चुकले की पलीकडे शांतता व्हायची. अशी म्हणून घेणारी वर्गातल्या कुठल्याच मुलीला मिळाली नव्हती. आई झोपली की मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि आवाज खाली ठेवून सुरू करायची. भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा गरज मोठी होती, हे मी आज कबूल करते.

हळूहळू ती मला फारच पाठ करायला लागली. मी पान उलटताना जिथे थांबायची, तिथे तीही थांबायची. बोटाला थुंकी लावण्याची मला घाणेरडी सवय होती. आत्याच्या डाव्या हाताचं बोट चादरीवरून उचललं जायचं, ओठांना लागायचं आणि परत खाली जायचं. क्लोरीनच्या धड्यात एका वाक्यानंतर मला एकदा मोठी जांभई आली असेल. त्या वाक्यानंतर तिच्याही घशातून तसा लांब श्वास निघायचा, रोज, त्याच जागी. मी तिला सांगून बघितलं, "आत्या, हे नको ना गं." ती माझ्याकडे बघत राहायची. डोळ्यांतली बाई माझी होती, तोंडातली कोण होती ते मला कळत नसे.

एका शनिवारी मी शाळेतून आले तर दादा अंगणातच उभा. त्याची अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. डबा हातात तसाच, पायांत चपला. मला बघून तो दचकलाच. म्हणाला, "तू बाहेर आहेस? मग आत कोण वाचतंय?"

आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहून ऐकत होतो. आतून गंधकाचा धडा येत होता. सुरुवातीपासून, संथ, मध्ये पान उलटण्याएवढी जागा सोडून. आई पाणी भरायला गेली होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दादा म्हणाला, "मला वाटलं तूच. मी हाका मारतोय, तू ओ देत नाहीस. वाट लागली ना यार माझी." त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्यानंतर त्याने मला त्या गाढवाच्या म्हणीवरून कधी चिडवलं नाही.

सगळ्यांत विचित्र गोष्ट घडली ती अमोनिया कोरडा करण्याच्या वाक्यावर. ते वाक्य आलं की आत्या थांबायची. मी पुढचं म्हणायची, "हा वायू तीव्र गंधकाम्लातून जाऊ देऊन कोरडा करतात." ती ते कधीच उचलायची नाही. तिथून पुढचं सगळं म्हणायची, तेवढं एक वाक्य नाही. शिवाय त्या वेळी दोन्ही डोळे माझ्यावर असायचे, मिटणारा आणि न मिटणारा. तीन-चार दिवसांनी मी वैतागून पुस्तक उघडलं. माझंच चुकत होतं. क्लोरीनचं वाक्य मी अमोनियाला लावलं होतं. गंधकाम्लात अमोनिया उरतच नाही, तो कळीच्या चुन्यावरून नेतात. मी हलक्या आवाजात बरोबर वाक्य वाचलं. आत्याने ते लगेच उचललं.

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "अगं, दोन वर्षांपूर्वी मी नाही का याच खोलीत घोकत होतो? तेव्हा आत्या इथेच तांदूळ निवडत बसायची. तेच राहिलं असेल कानात." हे पटण्यासारखं होतं आणि मी ते पटवून घेतलं. पण तेव्हा ती धडधाकट होती, दिवसभर बोलत होती आणि त्यातला एक शब्द कधी तिच्या तोंडी आला नव्हता. मग दोन वर्षं ते कुठे होतं, हा प्रश्न मी बाजूला ठेवला. परीक्षेला तो प्रश्न येणार नव्हता.

मार्च लागला तशी आत्या उतरत गेली. पेज घशाखाली जाईना. आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. मला आता वेगळीच भीती लागली होती. पेपराच्या आधी हिचं काही झालं तर? घरात रडारड, सुतक, गावची माणसं, आणि माझी ती एकच संधी. ही भीती मी देवापुढे बोलले असते तर एक वेळ चाललं असतं. मी ती तिलाच बोलून दाखवली. पेपराला चार दिवस उरले होते. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आत्या, माझा पेपर होईपर्यंत थांब हं." कुणाला रांगेत जागा धरून ठेवायला सांगावं तसं म्हणाले.

तिचा डावा डोळा माझ्याकडे वळला. मग म्हणाली, "उपकरण थंड होईपर्यंत थांबावे." ते धड्यातलंच वाक्य होतं. पण आम्ही त्या दिवशी तो धडा घेतलाच नव्हता. मी पुस्तक उचललं आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन बसले.

पेपराच्या दिवशी मला आईने नेहमीपेक्षा उशिरा हाक मारून उठवलं आणि तडक स्वयंपाकघरात पिटाळलं. आमच्या शास्त्राच्या वहीत दोन रकाने असत, डावीकडे निरीक्षण आणि उजवीकडे अनुमान. त्या सकाळचा डावा रकाना मला अजून तोंडपाठ आहे. चूल थंड होती. चहा काकूंकडून आला होता, त्यांच्या निळ्या फुलांच्या कपांतून. बाबा दाढी न करता घरी बसले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "रजा घेतलीय. तुझा पेपर ना." बाबांनी दादाच्या पेपराला काय, स्वतःच्या तापालाही कधी रजा घेतली नव्हती. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, "राहू दे, राहू दे, आशीर्वाद आहे." हातावर दही घातलं तेही काकूंनी. आई जवळ उभी होती, पण तिने मला हात लावला नाही.

आत्याच्या खाटेपाशी आई आडवी उभी राहिली. "झोप लागलीय त्यांना. लांबूनच नमस्कार कर," ती म्हणाली. तिचा आवाज ठीक होता. मी दारातून हात जोडले. चादर हनुवटीपर्यंत नीट ओढलेली होती, एकही सुरकुती नव्हती. आणि आत्याचा उजवा डोळा मिटलेला होता. दोन महिने जो झोपेतही मिटला नव्हता, तो मिटलेला होता. तो कुणीतरी मिटला होता.

मला सगळं कळलं. चार पावलं गेले असते तर तिचा हात हातात घेता आला असता. आईला नुसतं "आई?" म्हटलं असतं तरी पुरे होतं, तिला माझ्याशी खोटं बोलता आलं नसतं. म्हणूनच मी काही म्हटलं नाही. पुढे काकूंकडून समजलं की युक्ती त्यांचीच होती. त्यांनी बाबांना सांगितलं होतं, कानावर पडेपर्यंत सुतक नाही, पोरीच्या कानावर जाऊ देऊ नका. ते सगळे मला न सांगण्याची शिकस्त करत होते आणि मी न ऐकण्याची. उजवा रकाना मी कोरा ठेवला आणि चपला घातल्या.

माझा नंबर घाटकोपरच्या एका शाळेत आला होता. दादा पोचवायला आला. मी मुद्दाम विचारलं, "कळीचा चुना की विरलेला?" तो म्हणाला, "हं." शाळेच्या फाटकात मला सोडून तो जवळजवळ पळतच स्टेशनकडे गेला. त्याला परत घरी पोचायचं होतं, का ते मला ठाऊक होतं.

पेपरात अमोनिया होता. क्लोरीन होता. असायचं ते सगळं होतं आणि माझं डोकं धुतल्यासारखं रिकामं होतं. मी सवयीने पहिलं अर्धं वाक्य पुटपुटले, "नवसागर व विरलेला चुना यांचे मिश्रण..." आणि थांबले. पेन हातात धरून वाट बघत राहिले. आजूबाजूला नुसती निबांची करकर चालली होती. मी मान थोडी तिरकी केली, घरी खाट ज्या बाजूला असायची त्या बाजूला. पर्यवेक्षक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "काय झालं? मागे काय बघतेस?" मी म्हटलं, "काही नाही." दुसऱ्यांदा तेच अर्धं वाक्य म्हणून बघितलं. कुणी पुढचं सांगितलं नाही.

तेव्हा कुठे मला रडू आलं. आवाज न करता आलं, नाकातून पाणी उत्तरपत्रिकेवर पडलं, ते मी पदराने टिपलं. मग मी लिहायला लागले. एकेक वाक्य माझं मलाच काढावं लागलं आणि ते निघत गेलं. शेवटची घंटा झाली तेव्हा मी लिहितच होते.

फाटकाशी दादा उभा होता. केस ओले होते, अंगात दुसरा सदरा होता. आम्ही मुलुंडला उतरलो आणि घरापर्यंत चालत आलो. खोलीतली खाट गेली होती. जमीन अजून ओली होती. खाटेच्या जागी समई तेवत होती आणि तिच्याशेजारी पिठावर टोपली पालथी घातली होती. बाबा भिंतीला टेकून बसले होते. मला बघून ते उठले आणि तोंड धुवायच्या निमित्ताने मागे गेले.

आई म्हणाली, "पेपर कसा गेला?"

"चांगला गेला," मी म्हटलं.

तेवढं ऐकल्यावर तिचा धीर सुटला. तिने मला जवळ ओढलं, सकाळपासून लावला नव्हता तो हात पाठीवरून फिरवला आणि हुंदके देत देत सगळं सांगितलं. पहाटे आत्याचा श्वास बदलला. आई तिच्याजवळ बसली होती आणि खाटेशेजारी जमिनीवर, हातभर अंतरावर, मी झोपले होते. आई मला हलवायला वाकली तेव्हा आत्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. मग ती बोलली. धड्यातलं नाही. तिच्या स्वतःच्या आवाजात, तिच्या स्वतःच्या बोलीत म्हणाली, "चेडवाक उठवू नको. निजांदे तिका. पेपर आसा तिचो."

मी त्या परीक्षेत पास झाले, रसायनात बऱ्यापैकी गुण मिळाले, पुढे कॉलेजात गेले, तोच विषय घेतला. सकाळी मला सगळं कळलं होतं हे मी आईला कधी सांगितलं नाही. ती विचारेल म्हणून बरीच वर्षं घाबरत होते, पण तिने विचारलं नाही. पाच आठवडे मी आत्याला रोज दुपारी बोलायला लावलं. त्या सगळ्यात तिचं स्वतःचं असं एकच बोलणं होतं, तेही माझ्याबद्दलचं, आणि हातभर अंतरावर झोपलेली असून ते मी ऐकलं नाही.